भांड्यांची गल्ली

शिरढोणच्या पुढे हायवे सोडून आत वळलं की निळ्या पत्र्यांची एक लांबलचक शेड लागते. मोनाली घरत बारावी झाल्यावर त्या शेडमध्ये कामाला लागली, ती लागलीच. मध्ये लग्न झालं, मुलगी झाली, नवरा परेश पोर्टवर ट्रेलर चालवायला लागला. तिची कंपनीची बस, तिचं गेट आणि तिची शेड मात्र बदलली नाही.

शेड म्हणजे ऑनलाइन मागवलेल्या सामानाचं गोदाम. माणसाला घरात जे जे लागतं ते तिथे छतापर्यंत उंच रॅकवर रचून ठेवलेलं. खिडकी एकही नाही. सकाळी गेटवर मोबाइल लॉकरमध्ये टाकायचा, अंगझडती द्यायची आणि आत शिरायचं. मग बाहेर ऊन आहे की ढग, हे जेवणाच्या सुट्टीतच कळायचं. कामाला बहुतेक बायका. प्रत्येकीच्या हातात एक स्कॅनर, त्याला सगळ्या 'गन' म्हणत. गन सांगेल त्या गल्लीत जायचं, सांगेल तो खोका काढायचा, त्यावरच्या पट्ट्यांवर गन धरायची, 'टीं' झालं की पुढचा खोका. थोडा वेळ 'टीं' झालं नाही तर पुढच्या टेबलावरच्या स्क्रीनवर त्या बाईच्या नावापुढे लाल रेघ उमटे. लाल रेघा जास्त झाल्या की ठेकेदाराचा माणूस येऊन सांगे, सोमवारपासून येऊ नका. रागावून नाही, बस भरली आहे, पुढच्या बसने या, असं कंडक्टर सांगतो तसं.

बसायला जागा नव्हती. म्हणजे शेडमध्ये स्टूल होतं, ते वॉचमनचं.

पण शेडच्या अगदी मागच्या टोकाला एक गल्ली होती. तिच्या एका बाजूला स्टीलच्या भांड्यांचे आणि कुकरचे खोके, समोर पाण्याच्या बाटल्यांच्या पेट्या. त्या दोन रॅकच्या मध्ये शिरलं की गनवरची नेटवर्कची रेघ बारीक होई आणि मग नाहीशी होई. स्टील आणि पाणी मिळून सगळा सिग्नल खाऊन टाकत. गन तेवढ्या वेळातले स्कॅन पोटात ठेवी आणि गल्लीबाहेर आलं की एकदम ओकून टाकी. स्क्रीनवर त्या वेळापुढे लाल रेघ येत नसे, राखाडी अक्षरांत 'संपर्क नाही' असं येई. संपर्क नसला तर त्यात बाईचा काय दोष? तेव्हा एखादीच्या पायात गोळे आले, कुणाची पाठ धरली, कुणाला नुसतं डोळे मिटून भिंतीला टेकावंसं वाटलं, की ती शेजारणीला म्हणे, "जरा भांडी घासून येते," आणि मागे जाऊन खोक्यावर बसे. फार वेळ कुणीच बसत नसे. दुसरीला यायचं असे.

मोनालीला ही जागा दाखवली ती शोभामावशीने. शोभामावशी उरणच्या कोळीवाड्यातली. आधी बंदरावर मासळी निवडायला जायची, गुडघे गेल्यावर थंड पाण्यात उभं राहणं झेपेना म्हणून इथे आली. इथेही उभंच राहायचं होतं, पण कोरड्यात. मोनालीला तेव्हा दिवस गेले होते आणि तिने ते कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर ठेकेदाराने 'आराम करा' म्हणून घरी बसवलं असतं आणि परत बोलावलं नसतं. एक दिवस तिचे पाय इतके सुजले की बुटाची नाडी बांधता येईना. शोभामावशीने खाली वाकून नाडी सैल केली आणि वर न बघताच विचारलं, "कितवा चालू हाय?"

"सहावा."

"जल्ला, आणि वजनं उचलतेस? चल मागं."

तिने मोनालीला भांड्यांच्या गल्लीत नेलं, दोन खोके जोडून बसवलं, पाय तिसऱ्यावर ठेवले. पुढे बाळंतपणाच्या सुट्टीपर्यंत मोनालीचे जड खोके शोभामावशीच खाली काढून द्यायची. "मी दोन पोरं केली ती टोपल्या वाहून," ती म्हणायची. "तुला नको तसं."

मुलगी झाल्यावर मोनाली परत आली तेव्हा तिचं इंग्रजी वाचन आणि टायपिंग बघून प्रितम सरांनी तिला पुढच्या टेबलावर घेतलं. प्रितम हा दिवसपाळीचा मुख्य. नवीन पनवेलला राहणारा, कुरळ्या केसांचा, सतत घड्याळ बघणारा माणूस. मोनालीचं नारिंगी जॅकेट जाऊन निळं आलं. बसायला खुर्ची मिळाली. खुर्चीसमोर स्क्रीन होती आणि स्क्रीनवर सगळ्या बायकांची नावं, नावापुढे रेघा. पहिल्या दिवशी तिने शोभामावशीच्या नावापुढे 'संपर्क नाही' वाचलं आणि तिला हसू आलं. मावशी आता कुठल्या खोक्यावर बसली असेल ते तिला बरोबर दिसत होतं.

त्या वर्षीच्या पावसाळ्याच्या शेवटी प्रितमने तिला बाजूला बोलावलं.

"दिवाळीच्या सेलआधी पूर्ण शेडमध्ये नेटवर्क पाहिजे. एकसुद्धा डेड स्पॉट नको. वरून ऑर्डर आहे," तो म्हणाला. "मागच्या अर्ध्या भागात गन अडकतात, ऑर्डर लेट होतात, शिव्या मला बसतात. उद्यापासून नेटवर्कवाला येतोय. तू त्याच्याबरोबर फिर. गल्ल्या तुझ्याइतक्या कुणाला माहीत नाहीत."

मोनालीने मान डोलावली. नाही म्हणायला कारण काय देणार?

बातमी तिच्याआधी बायकांपर्यंत पोचली. जेवणाच्या सुट्टीत शोभामावशी डबा घेऊन तिच्याशेजारी येऊन बसली. निळं जॅकेट आल्यापासून मोनालीशेजारी फारसं कुणी बसत नसे.

"सगळीकडं लावतील काय गो?"

"सगळीकडं म्हणतात."

"मागं पन?"

मावशीने भाकरीचा तुकडा मोडला, सुकटीत बुडवला आणि तसाच हातात धरून ठेवला.

"पोरी, माझ्याच्यानं आता दिवसभर उभं रहावत नाय. तुला ठाव हाय. तेवढी जागा हाय म्हनून मी येतंय."

"मी बघते, मावशी."

बघते म्हणाली खरी, पण काय बघणार ते तिलाही ठाऊक नव्हतं. त्या दिवशी बसमध्ये ती खिडकीला डोकं टेकवून बसली आणि तिला वाटलं, सुट्टी घ्यावी. ताप आला म्हणावं. पण मग प्रितम दुसऱ्या कुणाला पाठवेल. ती दुसरी फिरली की गल्ली गेलीच. आपण फिरलो तरी जाणार, नाही फिरलो तरी जाणार; फरक एवढाच की फिरलो तर ती आपल्या हाताने जाणार.

नेटवर्कवाला म्हणजे मुनाफ. पनवेलचाच, पन्नाशीचा, बरीच वर्षं मस्कतला मोठमोठ्या हॉटेलांत वायफाय बसवून परत आलेला. पांढऱ्या थाळीसारखे गोल डबे त्याच्याकडे होते. ते छताला बसवायचे आणि एकेका डब्याने आपापल्या भागात नेटवर्क पसरायचं. पण कुठला डबा कुठे, हे तो आधी ठरवत नसे. हातात टॅब्लेट धरून गल्ली-गल्ली हळूहळू चालायचा आणि सिग्नलचा आकडा कुठे घसरतो ते बघायचा.

"हॉटेलात भिंती असतात, त्या एकदा मोजल्या की झालं," तो मोनालीला सांगत होता. "इथं सामान रोज बदलतं. आज कापूस, उद्या लोखंड. म्हणून तुम्हाला विचारतो, मॅडम. दिवाळीत कुठे काय भरणार?"

तिने सांगितलं. इकडे कपडे, इकडे पणत्या आणि दिव्यांच्या माळा, तिकडे मिठाईचे डबे. मुनाफ चालत होता, थांबत होता, छताकडे बघून मान हलवत होता. दुपारपर्यंत ते मागच्या टोकाला आले. भांड्यांच्या गल्लीत एक नवी मुलगी खोक्यावर बसली होती. निळं जॅकेट बघताच ती उठली आणि गन छातीशी धरून निघून गेली.

मुनाफ आत शिरला. त्याच्या टॅब्लेटवरचा आकडा घसरत घसरत गेला आणि थांबला.

"बापरे. इथं तर कब्रस्तान आहे," तो म्हणाला. "इथं डोक्यावरच एक डबा लागेल. फक्त या गल्लीसाठी."

मोनालीच्या तोंडून निघून गेलं, "इथं नको."

"का?"

"भांडी हलवणार आहेत. दिवाळीआधी पुढे नेणार. इथं मग उशा येतील."

मुनाफने तिच्याकडे पाहिलं. मग त्याने खोक्याकडे पाहिलं. वरच्या बाजूला माणूस बसून बसून पुठ्ठा दबला होता आणि कडेला कुणाचा तरी केसांचा चाप पडला होता.

"पक्कं हलवणार?"

"हो."

"उशा असतील तर पुढचा डबा इथपर्यंत पुरेल," तो सावकाश म्हणाला. "पण मी तुमच्या शब्दावर सोडतोय, मॅडम. मला कुणी विचारलं तर मी तेच सांगेन. माझी पण मजबुरी आहे."

"सांगा."

डबे बसले. तारा ओढल्या गेल्या. शेडभर छताला पांढऱ्या थाळ्या दिसू लागल्या, प्रत्येकीच्या मध्ये एक निळा ठिपका. जिथे आधी गन हात उंच करून धरावी लागे तिथे ती आता झटकन 'टीं' करी. प्रितमने वरच्यांना फोटो पाठवले. शोभामावशीने मोनालीच्या टेबलाजवळून जाताना घरून आणलेली बोंबलाची चटणी कागदात बांधून तिच्या कीबोर्डशेजारी ठेवली.

मोनालीला वाटलं, जमलं. चारेक आठवडे तिला तसंच वाटत राहिलं.

एक गोष्ट तिच्या लक्षात आली नव्हती. आधी मागच्या अर्ध्या शेडमध्ये कुठेही नेटवर्क तुटायचं. कापडाच्या गल्लीत, खेळण्यांच्या गल्लीत, बुटांच्या गल्लीत, कुठेही. 'संपर्क नाही' ही अक्षरं स्क्रीनवर सगळीकडे विखुरलेली असायची, त्यात भांड्यांची गल्ली कुणाच्या डोळ्यांवर येत नव्हती. आता सगळी शेड लख्ख झाली होती आणि त्या लख्ख शेडमध्ये एकच काळा डाग उरला होता. शिवाय पूर्वी ज्या बायका इकडेतिकडे पळभर थांबायच्या त्यांना दुसरी जागाच राहिली नव्हती. सेल सुरू झाला, काम वाढलं आणि सगळ्या भांडी घासायला येऊ लागल्या. गल्लीच्या तोंडाशी रांग लागू लागली.

दिवाळीला आठवडा असताना प्रितम तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला.

"हे काय आहे?" त्याने स्क्रीनवर बोट ठेवलं.

"कुठे?"

"मोनाली, मला वेड्यात काढू नकोस. सगळ्या शेडमध्ये एकच गल्ली ऑफलाइन आणि सगळ्या जणी तिथेच कशा? आणि ही शोभा कोळी. ही दिवसातून चार-चारदा? तिच्या ऑर्डरमध्ये कुकर तरी असतो का?"

स्क्रीन बंद करता येत नव्हती, खुर्ची मागे सरकवता येत नव्हती; मागे तो उभा होता.

"मी मुनाफला फोन केला," प्रितम म्हणाला. "तो म्हणतो, मॅडमनी सांगितलं भांडी हलणार आहेत. कोण हलवणार आहे भांडी?"

मुनाफने चुकीचं ऐकलं असेल, असं म्हणता आलं असतं. ते वाक्य तिच्या जिभेपर्यंत आलं होतं. तिने ते गिळलं.

"कुणीच नाही. मीच तसं सांगितलं."

"का?"

"बायकांना बसायला जागा नाही, सर."

प्रितमने खुर्ची ओढली आणि तिच्याशेजारी बसला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने दोन्ही हातांनी तोंड पुसलं आणि आवाज खाली आणला.

"तुला काढलं तर मला वर सांगावं लागेल का काढलं. मग ते विचारतील, तू काय करत होतास. माझंही बूड इथेच अडकलंय. तेव्हा कुणाला काही कळणार नाही. उद्या मुनाफ येईल, त्या गल्लीत डबा बसेल, तू समोर उभी राहून बसवून घेशील. आणि आजपासून कुणाची लाल रेघ आली की तू स्वतः जाऊन तिला उठवायचं. मी नाही. ठेकेदाराचा माणूस पण नाही. तू."

दुसऱ्या दिवशी मुनाफ वर चढला तेव्हा मोनाली खाली उभी होती. काम फार वेळाचं नव्हतं. बायका गल्लीच्या तोंडावरून जात-येत होत्या, थांबत कुणी नव्हती. निळा ठिपका लागल्यावर मुनाफ खाली आला आणि पिशवी भरता भरता हळूच म्हणाला, "मस्कतला आमच्या लेबर कँपमध्ये एकच खोली होती जिथे नेटवर्क लागायचं. आम्ही चाळीस जण त्या खोलीत कोंबून बसायचो, घरी बोलायला. इथं उलटं." मग त्याला वाटलं असावं की आपण नको ते बोललो. "सलाम, मॅडम," म्हणून तो निघून गेला.

दुपारनंतर शोभा कोळी या नावापुढे लाल रेघ उमटली. मोनाली स्क्रीनकडे बघत राहिली. रेघ लांबत गेली. प्रितम पलीकडच्या टेबलावर होता, त्याने मान वर केली नाही, पण त्याने ती बघितली होती हे तिला कळत होतं. ती उठली.

शेडच्या पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंतची वाट तिला इतकी लांब कधी वाटली नव्हती. शोभामावशी त्याच खोक्यावर बसली होती, एक पाय लांब करून, गुडघ्यावर हात ठेवून. गन मांडीवर होती, तिच्यावर नेटवर्कचा हिरवा दिवा चालू होता.

"मावशी," मोनाली म्हणाली.

शोभामावशीने वरच्या पांढऱ्या थाळीकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"तुला पाठवलं?"

"हो."

"बराबर हाय. दुसरा कोन येनार." तिने रॅकचा खांब धरला आणि उठली. उठताना तिच्या तोंडून आवाज निघाला नाही, पण ओठ आत गेले. मोनालीने हात पुढे केला, तो तिने घेतला नाही. तो झिडकारलाही नाही. आपल्याला दिसलाच नाही असं तिने केलं. जॅकेट खाली ओढलं, गन उचलली आणि म्हणाली, "चला, मॅडम. कंच्या गल्लीत जायचं हाय मला, ते सांगा."

त्यानंतर ती मोनालीला मॅडमच म्हणत राहिली, आणि तिचं बघून बाकीच्याही. सेलचे दिवस संपेपर्यंत मोनालीने कितीतरी जणींना उठवलं. कुणी मुकाट उठे, कुणी डोळ्यांत पाणी आणे, एकीने तिला आईवरून शिवी दिली. घरी आल्यावर ती जेवणाचं ताट पुढ्यात घेऊन बसे आणि परेश म्हणे, "नोकरी बदल." तो खरंच काळजीने म्हणे. पण आसपासच्या सगळ्या शेडमध्ये अशाच गन होत्या, निळं जॅकेट कुणी आयतं दिलं नसतं, आणि नारिंगी घालून पुन्हा दिवसभर उभं राहायचं म्हटलं तर आपल्याला उठवायला कोण येईल, हा विचार तिच्या मनात येई. ती म्हणे, "बघू."

दिवाळी झाली आणि शोभामावशी यायची बंद झाली. कुणी काढलं नव्हतं. ती एका सोमवारी बसला आली नाही, मंगळवारी आली नाही, मग तिचं नाव स्क्रीनवरून गेलं. उरणची एक बाई म्हणाली, मावशी सुनेच्या घरी असते, नातवंडं सांभाळते, गुडघ्याला तेल लावून पडून असते. मोनालीने नंबर मिळवून फोन केला. मावशी नीट बोलली. पाऊस किती लांबला, पोरगी चालायला लागली का, सगळं विचारलं. शेडचा विषय तिने काढला नाही आणि मोनालीला काढता आला नाही. ठेवताना मावशी म्हणाली, "बरं हाय तर मंग, मॅडम," आणि फोन बंद झाला.

उन्हाळ्यात शेजारची दुसरी शेड कंपनीने घेतली. पहिलीपेक्षा मोठी. प्रितम नकाशा घेऊन मोनालीच्या टेबलाशी आला.

"या वेळेस आधीच नीट प्लॅन करायचं. मुनाफला बोलावलंय. तू फिर त्याच्याबरोबर, सामान कुठे काय येणार ते सांग. तुझ्यासारखं कुणाला जमत नाही."

मोनालीने नकाशा बघितला. सगळ्या शेडभर वर्तुळं काढली होती, एकाला एक चिकटून, मध्ये कुठे पांढरं राहिलं नव्हतं.

"बसायची जागा कुठे आहे यात?"

"काय?"

"बायकांनी बसायचं कुठे, ते यात दाखवा. आणि तिथे बसल्यावर लाल रेघ येणार नाही, असं वरून लेखी आणा. मग मी फिरते."

"हे माझ्या हातात नाही, मोनाली."

"मग फिरणं माझ्या हातात नाही."

टेबलाखाली तिने एक हात दुसऱ्या हाताने घट्ट धरला होता. आजूबाजूला दोन-तीन नारिंगी जॅकेटं थबकली होती, गन हातात घेऊन. प्रितमने त्यांच्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, नकाशा गुंडाळला. "विचारतो," एवढंच म्हणून तो गेला.

त्याने विचारलं की नाही, हे तिला बरेच दिवस कळलं नाही. मुनाफ आला, एकटाच फिरला, अडखळत फिरला. मग एक दिवस नकाशा परत आला. नव्या शेडच्या मधोमध दोन बाकं काढलेली होती आणि तिथे बसल्यावरचा थोडा वेळ सुट्टीत धरायचा, लाल रेघ लावायची नाही, असा मेल प्रितमने तिला दाखवला. मोनालीने तो दोनदा वाचला. मग ती नकाशा घेऊन मुनाफबरोबर फिरायला गेली आणि त्याला कुठे काय येणार ते नीट सांगितलं. कुठलीच गल्ली तिने लपवली नाही.

जुन्या शेडला बाकं मिळाली नाहीत. तिचा प्लॅन आधीच मंजूर झालेला होता, आता त्यात बदल होत नाही, असं वरून कळवलं. नव्या शेडमध्ये नव्या बायका घेतल्या. मोनालीने तिकडे बदली मागितली, तेव्हा प्रितम म्हणाला, "तू गेलीस तर इथे कोण?" तिची खुर्ची जुन्या शेडमध्येच राहिली. सकाळी ती मोबाइल लॉकरमध्ये टाकते, झडती देते, निळं जॅकेट चढवते आणि स्क्रीनसमोर बसते. रेघ आली की उठून जाते. मात्र हल्ली ती सावकाश जाते. मागच्या टोकापर्यंत पोचायला तिला बराच वेळ लागतो आणि त्याबद्दल प्रितम अजून तरी तिला काही बोललेला नाही.